बाईंची चाल कागदावर



आपल्याला गाणी शिकवणाऱ्या बाई गेल्या वर्षी निवर्तल्या. त्यांची एकही चाल कागदावर नव्हती. त्यांनी कीबोर्डवर, ठोका लावून वाजवलेल्या एका प्रार्थनेची मिडी फाइल तेवढी मुलीकडे सापडली. मी ती म्यूझस्कोर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तो पानभर बारीक तुकड्यांची आणि विरामांची नुसती गर्दी!

मिडीची पद्धत १९८३ सालची. तिच्या फाइलीत आवाज नसतोच. कोणती पट्टी, केव्हा आणि किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. बाईंचे बोट मात्रेच्या किंचित मागेपुढे पडले, तेही यंत्राने इमानाने लिहून काढले. मग सर्वांत लहान स्वर अर्ध्या मात्रेचा धरायला सांगितले, तेव्हा पान वाचता येऊ लागले.

पट्ट्यांना क्रमांक असतात. मधल्या सप्तकाची पांढरी एक म्हणजे ६०. आपला षड्ज खालची काळी चार, म्हणजे ५६. म्हणून ५८ ऋषभ, ६० गंधार, ६१ मध्यम, ६३ पंचम. असे मोजत मी भातखंडे पद्धतीने स्वर मांडले.

पण पहिला स्वर पडला तिथेच यंत्राने सम धरली होती. आपली प्रार्थना उठते दादऱ्याच्या पाचव्या मात्रेवर! ते सांगितले जुन्या भगिनींनी. बाईंच्या गळ्यातली मींड तर पट्ट्यांवर आलीच नव्हती. तीही त्यांनीच गाऊन दाखवली.

बाकीच्या चालींची फाइलही नाही. ज्यांना त्या येतात, त्यांनी येत्या शनिवारपासून गायला बसावे. लिहायला मी आहे.