रातकिडा गातो कशासाठी?

रातकिड्याची किरकिर आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. एखादा घरात शिरला तर झोपेचं खोबरंही होतं. पण ही किरकिर नराचीच असते आणि तो ती तोंडाने नव्हे, पंखांनी करतो. एका पंखाच्या खालच्या बाजूला करवतीसारखे बारीक दाते असतात. त्यावर दुसऱ्या पंखाची कड घासली की आवाज निघतो. आणि मादी तो ऐकते पायांनी! तिचे कान पुढच्या पायांवर असतात.

या आवाजातून तिला नराची प्रकृती कळते. युरोपातल्या शेतात राहणाऱ्या एका जातीवरचे प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाले, ते मला फार मोलाचे वाटतात. नर किती झपाट्याने किरकिरतो, हे त्याला सध्या खायला किती मिळतंय त्यावर ठरतं. (थंडी पडली की सगळ्यांचाच ताल मंदावतो, ते वेगळं.) आवाजाची पट्टी मात्र ठरते बालपणीच्या पोषणावर. उपाशी वाढलेल्या पिल्लाच्या पंखावरचा, आवाज घुमवणारा पातळ पडदा लहान राहतो आणि आवाज चिरका होतो. पंख एकदा तयार झाले की बदलत नाहीत. त्यामुळे लहानपणीची आबाळ पुढे कितीही खाल्लं तरी लपत नाही.

शिवाय गाणं स्वस्त नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीत भरपूर प्रथिनं मिळालेले नर सर्वांत जास्त गायले आणि लवकर मेलेसुद्धा. हा अभ्यास २००४ सालचा. म्हणजे दीर्घायुषी नर तोच उत्तम, हा आपला हिशोब इथे लागू पडत नाही.

मग किरकोळ अंगाच्या नराने करायचं काय? दक्षिण भारतात झुडपांवर राहणारा एक नाजूक रातकिडा आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने त्याचा बारकाईने अभ्यास केला. यातले काही नर पानाला मधोमध कुरतडून भोक पाडतात, त्यातून डोकं आणि पुढचे पाय बाहेर काढतात आणि पंख पानाला टेकवून गातात. लाऊडस्पीकरचा नुसता गोल उघड्यावर वाजवला तर आवाज बारीक येतो, कारण पुढची आणि मागची ध्वनिलहर कडेला एकमेकींना मारते. तोच गोल फळीत बसवला की दणदणीत वाजतो. पान म्हणजे ती फळी. एवढ्याशा किड्याला हे साधावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि गंमत अशी, की २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही युक्ती मुख्यतः लहान चणीचे, हळू आवाजाचे नरच करतात. पानामुळे त्यांच्याकडे मोठ्या नरांइतक्याच माद्या येतात. एवढंच नव्हे, आवाजाला भुललेली मादी अशा नराशी अधिक वेळ मीलन करते आणि तितके त्याचे शुक्राणू तिच्या शरीरात जास्त पोचतात.