रंगावर जाऊ नका!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरी १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली. दर रविवारी सकाळी ते बॉनेट उघडायचे, तेल बघायचे आणि बोअरिंगच्या पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करायचे. ‘गाडीलाही तहान लागते रे,’ असं म्हणायचे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि बाटलीचा रिवाजही मी तसाच चालू ठेवला. त्यांची आठवण म्हणून.

एका मे महिन्यात पुण्याहून मुंबईला निघालो होतो. परतताना खंडाळ्याच्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. एक केलं ते बरं केलं, झाकणाला हात लावला नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. पाऊण तास थांबलो, मग हळूहळू पाणी भरत, थांबत थांबत घरी पोहोचलो.

मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि मला जवळ बोलावलं. पाण्याच्या वाटांवर चुन्याचा पांढरा थर होता, खाली गंजाचा लाल चिखल आणि हेडची कड उंदरांनी कुरतडल्यासारखी. ‘साहेब, अजून दोन वर्षं पाणीच घातलं असतंत, तर हे हेड भंगारात गेलं असतं,’ ते म्हणाले. मला वाईट वाटलं ते खर्चाचं नाही. वडिलांची आठवण जपतो जपतो म्हणत मी त्यांची गाडीच आतून पोखरत होतो!

असं का होतं? या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन दोन धातूंचं आहे. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. शिवाय रेडिएटर तांब्या-पितळेचा, तोही शिशाच्या डागानं जोडलेला. हे सगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले. त्या पाण्यात क्षार असले की ते वीज वाहून नेतं, बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात पहिला बळी ॲल्युमिनियमचा जातो. शिवाय तापलेल्या पाण्यातला चुना भांड्याच्या बुडाशी बसतो तसाच इंजिनातही बसतो आणि उष्णता अडवतो. मग डिस्टिल्ड वॉटर घातलं तर? चुना बसणार नाही, पण बीड गंजायचं ते गंजेलच. म्हणूनच कूलंट हवं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळजण विचारतात. त्याचं उत्तर हेच, की आपल्याला ते थंडीसाठी नको, गंज रोखणाऱ्या द्रव्यांसाठी हवं आहे.

आता कोणतं घ्यायचं? माझ्या नव्या गाडीसाठी आणलेला गुलाबी कूलंटचा अर्धा कॅन घरी होता. महाग होता, पाच वर्षं टिकणारा होता. तोच घालू म्हटलं, तर मिस्त्रींनी हात धरला.

कूलंटचे ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट अशी अजैविक द्रव्यं असतात. ती धातूवर लगेच पातळ कवच धरतात, पण दोनेक वर्षांत संपतात. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्लं असतात. ती सावकाश काम करतात आणि जास्त टिकतात. पण ती आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरसाठी बेतलेली आहेत. त्यातले काही प्रकार शिशाच्या डागाला आणि जुन्या सीलना मानवत नाहीत. म्हणून तांब्या-पितळेचा रेडिएटर असलेल्या जुन्या गाडीला जुन्या पद्धतीचंच कूलंट बरं.

ते बहुधा हिरवं असतं. पण श्रोतेहो, रंगावर जाऊ नका! रंग हा नुसता रंगच असतो, प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं घालते. कॅनवरचा मजकूर वाचा, आत कोणती द्रव्यं आहेत ते बघा. आणि दोन जातींची कूलंट एकमेकांत मिसळू नका. गंज रोखायचं काम मंदावतं, कधी कधी आत गाळही धरतो.

प्रमाणाचंही तसंच. निम्मं कूलंट, निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पुण्या-मुंबईला त्याची काय गरज? उलट उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस असतं. म्हणून मी एक भाग कूलंट आणि दोन भाग डिस्टिल्ड वॉटर घेतो. त्याहून पातळ मात्र करत नाही, कारण मग गंजरोधक पुरत नाहीत. कॅनवर ‘तयार मिश्रण’ असं लिहिलं असेल, तर त्यात पाणी घालायचंच नाही. आणि भरण्यापूर्वी जुनं पाणी पूर्ण काढून, निवळ पाणी येईपर्यंत आतून धुऊन घ्यायचं.

एक कळकळीची सूचना. बहुतेक कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. जमिनीवर सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर ती दगावतात. सांडलं तर लगेच पुसा, कॅन मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि काढलेलं कूलंट गटारात ओतू नका.

आता बॉनेटच्या आत मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. कूलंट कधी भरलं, कोणत्या जातीचं आणि दोन वर्षांनी कधी बदलायचं, एवढंच तिच्यावर लिहिलंय. रविवारची सकाळ मात्र चुकलेली नाही. बॉनेट उघडतो, गाडी थंड असताना पातळी बघतो. वडिलांची ती बाटलीही तिथेच आहे. फक्त आता तिच्यात बोअरिंगचं पाणी नसतं, तयार मिश्रण असतं. गाडीची तहान तीच आहे, तिला काय पाजायचं ते मात्र मला जरा उशिरा कळलं.