सीमेवरच्या शेताचं मृत्युपत्र

अक्कलकोट तालुक्यातली दुधनी तुरीच्या बाजारासाठी ओळखली जाते. कर्नाटकची हद्द इथून अगदी जवळ. अशा सीमाभागात एखाद्या घराची थोडी जमीन इकडे, थोडी पलीकडे असू शकते. इकडे सातबारा, तिकडे ‘पहाणी’ हा जमिनीचा उतारा. घरातला कर्ता गेला, की वारसांना दोन्ही राज्यांतल्या महसूल कार्यालयांत जावं लागतं. कोणती जमीन कुठे, हे त्यालाच ठाऊक असेल तर पंचाईतच!

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. केलेली मात्र बरी. सही दोन साक्षीदारांसमोर हवी, त्यांच्याही सह्या हव्यात. स्वतःच्या वाट्यापुरतंच लिहिता येतं. वडिलोपार्जित जमिनीत 2005 पासून लेकीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे अजूनही सोयीस्करपणे विसरलं जातं.

बँकेतला नॉमिनी बहुधा मालक नसतो. तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारतो.

आणि उपचारांचं काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 मध्ये त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली. आता ती दोन साक्षीदारांसमोर लिहून नोटरीकडून साक्षांकित करता येते. घरातल्या थोरांशी या आठवड्यातच हा विषय काढा.