विश्वस्ताची वही

श्रोतेहो, खानदेशात आखाजीला सालदाराचा हिशेब पुरा होतो, देणीघेणी मिटतात आणि नवे साल सुरू होते. पण काही घरांत एक हिशेब असा असतो की, तो कुठल्याच आखाजीला मिटत नाही. वाडवडिलांनी देवासाठी, शाळेसाठी किंवा पोरक्या नातवंडांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या मालमत्तेचा तो हिशेब. आज त्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. तापीकाठच्या शेताचा एक तुकडा आजोबांनी गावातल्या गरीब मुलांच्या शिक्षणासाठी लिहून ठेवला. आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, त्याचे विश्वस्त. माणूस सोन्यासारखा. एके वर्षी घरात लग्न निघाले. हाताशी रोकड नव्हती. शेताचा खंड नुकताच आला होता. "आपलाच पैसा शे ना!" म्हणत आप्पांनी तो लग्नाला लावला. पुढल्या हंगामात केळी विकून पै न् पै परत भरली. मात्र वहीत ना उचल लिहिली, ना भरणा. आप्पा गेले, विश्वस्तपण माझ्याकडे आले आणि चुलतभावाने विचारले, "जिभाऊ, त्या सालचा खंड कुठे गेला?" मला कागद दाखवता येईना. दोन घरांचे एकमेकांकडे जेवणे बंद झाले, आणि या भांडणात दोन वर्षे मुलांची फी भरायची राहिली.

चूक कुठे झाली? "आपलाच पैसा" या दोन शब्दांत झाली.

विश्वस्त व्यवस्था दोन प्रकारची असते. ठरावीक नातलगांच्या हितासाठी केलेली ती खाजगी. तिला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. लाभ सर्वसाधारण जनतेला किंवा तिच्यातल्या एखाद्या वर्गाला मिळायचा असेल, तर ती सार्वजनिक. तिच्यासाठी १९५० चा मुंबईचा कायदा झाला. आज तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. कारभार घराण्याकडे आहे, एवढ्यावरून मालमत्ता घराण्याची होत नाही. शेजारच्या नाशिकच्या बालाजी संस्थानाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पिढ्यान् पिढ्या कारभार पाहणाऱ्या गोसावी घराण्याचे म्हणणे, संस्थान आमचे खाजगी. १९५९ साली न्यायालयाने मंदिराचा विस्तार, लोकांचा दर्शनाचा जुना हक्क आणि राज्यकर्त्यांनी दिलेल्या जमिनी व रोकड हे सारे पाहून ते सार्वजनिक ठरवले. आमचा तुकडाही गावच्या मुलांसाठी. म्हणजे तोही सार्वजनिकच.

मग विश्वस्ताने काय करावे? पहिली गोष्ट, लेख काढून वाचावा. मालमत्ता कोणाच्या हितासाठी आहे आणि विश्वस्त कसे नेमायचे, हे त्यातच असते. सार्वजनिक व्यवस्था निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज द्यावा लागतो. विश्वस्त वारला किंवा बदलला, तर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात कळवावे लागते. त्यालाच लोक चेंज रिपोर्ट म्हणतात. आप्पांमागे आमचा तोही राहिला होता.

दुसरी गोष्ट, जमिनीची. सार्वजनिक व्यवस्थेची स्थावर मालमत्ता विकणे, बदलून घेणे वा दान देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि घर किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्याने द्यायची, तरी मंजुरी लागतेच. म्हणून केवळ भाऊबंदांच्या सह्या घेऊन खरेदीखत करू नये, घेणाराही फसतो.

तिसरी गोष्ट, पैशाची, आणि ही दोन्ही प्रकारांना सारखीच. शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळतो, तितक्या काळजीने ही सांभाळावी; पण स्वतःच्या फायद्यासाठी तिला हात लावू नये. आठ दिवसांत परत करीन, हे उत्तर चालत नाही. बँकेत खाते वेगळे ठेवावे आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यावी. सार्वजनिक व्यवस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. खाजगी व्यवस्थेतही लाभार्थ्याला लेख आणि हिशेब पाहण्याचा हक्क आहे. घरच्या सुनेने किंवा पुतण्याने वही मागितली, तर तो अपमान समजू नये.

आणि अडले तर? खाजगी व्यवस्थेचा विश्वस्त कारभाराबाबत दिवाणी न्यायालयाचे मत मागू शकतो. सार्वजनिक व्यवस्थेने धर्मादाय कार्यालयात जावे. गुरुजींनो, गावात लिहिणारा-वाचणारा म्हणून लोक तुमच्याकडे येतात. त्यांना निदान वहीचे दोन रकाने आखून द्या: जमा आणि खर्च.

आम्ही दोघे भाऊ अखेर एका आखाजीला ओसरीवर बसलो. जुन्या चिठ्ठ्यांवरून, केळीच्या पट्ट्यांवरून जेवढे जुळले तेवढे लिहिले. जे जुळले नाही, ते आम्ही दोघांनी निम्मे निम्मे भरले. आता वही भिंतीतल्या कपाटात असते आणि किल्ली त्याच्याकडे. मुलांची फी जूनमध्येच जाते. आप्पांची सचोटी आम्हांला ठाऊक होती. पण ती वहीत असती, तर ती दोन वर्षे वाचली असती.