अपघातापूर्वीची दक्षता



औद्योगिक सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे बहुधा अपघातानंतर सुरू होतो. प्रथम चौकशी, मग नुकसानभरपाई आणि शेवटी नवा नियम, हा क्रम परिचित आहे. यामागे एक आर्थिक कारण आहे. प्रतिबंधावरील खर्च जमाखर्चात दिसतो; टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात नोंदला जात नाही. त्यामुळे मागणी घटली की पहिली कात्री देखभालीला लागते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेटची गळती झाली. त्या वेळी शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा निकामी होता. १९८१ मध्ये तेथे फॉस्जिनमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला होता. १९८२ मध्ये कंपनीच्याच तज्ज्ञांनी त्रुटी दाखविल्या होत्या. इशाऱ्यांची दखल पुरेशी घेतली गेली नाही. खर्चातील बचत कारखान्याची झाली. किंमत मात्र हजारो नागरिकांनी प्राणांनी मोजली. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्यता म्हणतात.

या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. आता या अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. तीनुसार ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, तसेच धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० कामगारांपासून, सुरक्षा अधिकारी आवश्यक आहे. याहून लहान कारखान्यांत ही जबाबदारी व्यवस्थापनानेच उचलली पाहिजे.

त्यासाठी धोक्याची ओळख, जोखमीचे मूल्यमापन आणि नियंत्रण या तीन पायऱ्या आहेत. नियंत्रणातही क्रम असतो : धोका मुळातून दूर करणे, कमी घातक पर्याय वापरणे, यंत्राला संरक्षक आवरण बसविणे, कार्यपद्धती सुधारणे आणि सर्वांत शेवटी शिरस्त्राण व हातमोजे. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची नोंदही हवी. ती करणाऱ्या कामगारास शिक्षेचे भय नसावे.

आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील. कारखान्याची तपासणी करताना गतवर्षीच्या अपघातांची संख्या अवश्य पाहावी. परंतु कोणती दुरुस्ती किती दिवस प्रलंबित आहे, हे त्याआधी विचारावे.