दुर्बिणीतील नेमरेषा आणि दूरच्या लक्ष्याचे गणित
(व्याख्यानाचा संपादित पाठ)



इ.स. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज खगोलनिरीक्षकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा विणला. तो धागा नेमका भिंगाच्या नाभीय प्रतलावर आला आणि आकाशातील प्रतिमेबरोबरच सुस्पष्ट दिसू लागला. दुर्बिणीत नेम धरण्याची रेषा बसविता येते, हे गॅस्कॉइनने त्यावरून ताडले व सूक्ष्म कोन मोजण्याचे साधन घडविले. १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. मोजणीसाठी जन्मलेली ही रेषा पुढे युद्धसाहित्यात जाऊन बसावी, हा इतिहासाचा काहीसा कडवट योगायोग होय. भारतात १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ केला, त्यातील थिओडोलाइटची भिस्तही अशाच रेषेवर होती. रायफलीवरील दुर्बीण म्हणजे कोन मोजणारे उपकरण आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. ते विसरले की निवडही चुकते आणि वापरही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अभिनव बिंद्रा (सुवर्ण, २००८), गगन नारंग (कांस्य, २०१२) आणि कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे (कांस्य, २०२४) यांची रायफल नेमबाजीतील ऑलिम्पिक पदके दुर्बिणीविना मिळालेली आहेत. ऑलिम्पिक रायफल प्रकारांत बारीक छिद्रातून नेम धरावा लागतो. रायफलीवर विशालन करणारी दुर्बीण चालत नाही. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेच्या छत्राखाली वाढलेली आपली परंपरा मुख्यतः याच प्रकारची आहे. दुर्बिणीचे क्षेत्र वेगळे : ३०० ते १००० मीटर किंवा यार्डांवर खेळला जाणारा, कॅनडातील जॉर्ज फार्क्वार्सन यांच्या आद्याक्षरावरून ओळखला जाणारा ‘एफ-क्लास’ हा क्रीडाप्रकार, आणि सैन्यदले व पोलिसांची विशेष पथके.

दुर्बीण निवडताना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो विशालनाचा : किती पट मोठे दिसते? प्रत्यक्षात हा सर्वांत कमी महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक आहे. वस्तुभिंगाचा व्यास भागिले विशालन केले की नेत्रिकेतून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशशलाकेचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगातून १० पट विशालनास ही शलाका ५ मिलिमीटर असते. तेच विशालन २५ पट केले की २ मिलिमीटर उरते. काळोखात डोळ्याची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते, म्हणजे संध्याकाळी २५ पटीचे चित्र अंधुक दिसणार हे ओघानेच आले. भारतीय सैन्याने दीर्घकाळ वापरलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीची पीएसओ-१ ही रशियन दुर्बीण केवळ ४ पटींची, २४ मिलिमीटर भिंगाची आहे. तिची शलाका ६ मिलिमीटर भरते. आजच्या जाहिरातींपुढे ती सामान्य वाटेल, परंतु तिच्या निर्मात्यांना संधिप्रकाशाचे महत्त्व कळले होते. शिवाय राजस्थानच्या वाळवंटात दुपारी जमिनीवरची तापलेली हवा लहरू लागते. विशालन वाढवले की या लहरीही तितक्याच मोठ्या दिसतात व लक्ष्य जणू पाण्याखाली आहे असे भासते. जाणकार नेमबाज अशा वेळी विशालन कमी करतो आणि लहरींच्या कलावरून वाऱ्याची दिशा वाचतो.

आता कोनाकडे वळू. आपल्या ज्योतिषपरंपरेत अंशाच्या साठाव्या भागाला कला म्हणतात. पाश्चात्त्य दुर्बिणींवरील एक मापन हेच आहे. १०० मीटरवर एक कला म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. दुसरे मापन मिलिरेडियनचे, म्हणजे रेडियनच्या सहस्रांशाचे : १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १००० मीटरवर बरोबर १ मीटर. दशमान पद्धतीत वाढलेल्या भारतीय विद्यार्थ्याला दुसरे मापन सोयीचे वाटेल, यात शंका नाही. २ मीटर उंचीचे फाटक नेमरेषेच्या मापपट्टीवर ४ मिलिरेडियन भरले, तर २ गुणिले १००० भागिले ४, म्हणजे ते ५०० मीटर दूर आहे. मात्र काही दुर्बिणींत नेमरेषा दुसऱ्या नाभीय प्रतलावर असते व तिची मापपट्टी एकाच ठरावीक विशालनाला खरी असते. ती १२ पटींवर खरी असताना ६ पटींवर मापन केले, तर तेच फाटक दोनच खुणांत मावेल आणि अंतर १००० मीटर निघेल. पहिल्या प्रतलावर रेषा असलेल्या दुर्बिणीत हा धोका नाही. तेथे प्रतिमेबरोबर रेषाही लहानमोठी होते. तिची किंमत अधिक असते, आणि कमी विशालनाला रेषा इतकी बारीक होते की ती शोधावी लागते.

७.६२ मिलिमीटरची नेहमीची गोळी, १०० मीटरवर नेम साधलेल्या रायफलीतून सुटल्यास, ८०० मीटरवर साधारण सहा ते सात मीटर खाली येते. ही घट भरून काढण्यासाठी दुर्बिणीवरील खुंटी सुमारे ८ मिलिरेडियन फिरवावी लागते; प्रत्येक ‘टिक’ एक दशांश मिलिरेडियनची धरल्यास ऐंशीहून अधिक टिका झाल्या. म्हणूनच दुर्बिणीच्या नळीत रेषा सरकण्यास पुरेशी जागा आहे किंवा नाही, हे आधी तपासावे लागते. २५.४ मिलिमीटरच्या नळीपेक्षा ३० किंवा ३४ मिलिमीटरची नळी पसंत केली जाते ती मुख्यत्वे यासाठी; जाड नळीतून उजेड अधिक येतो, ही समजूत निराधार आहे.

परंतु टिक खरोखरच दशांश मिलिरेडियनची आहे काय? सारा भरवसा या एका प्रश्नावर उभा आहे. तपासणी सोपी असून तीस गोळीही लागत नाही. दुर्बीण घट्ट बसवावी, बरोबर १०० मीटरवर ओळंब्याने उभी मोजपट्टी टांगावी आणि खुंटी १० मिलिरेडियन फिरवावी. रेषा पट्टीवर १ मीटर सरकली पाहिजे. ती ९७ सेंटिमीटरच सरकली तर दोष तीन टक्के, आणि ८०० मीटरवर हाच दोष सुमारे २० सेंटिमीटरची चूक ठरतो. खुंटी मागे फिरवल्यावर रेषा मूळ जागी येते की नाही, हेही त्याच वेळी कळते. रेषा ओळंब्याला समांतर नसेल तर रायफल नकळत कललेली धरली जाते. केवळ ३ अंशांचा कल ८०० मीटरवर गोळीला साधारण ३४ सेंटिमीटर बाजूला नेतो. शिकाऊ माणूस त्याचे खापर वाऱ्यावर फोडतो.

पराशय, म्हणजे पॅरॅलॅक्स, हा दोष गॅस्कॉइनच्या धाग्यानेच समजून घ्यावा. प्रतिमा रेषेच्या प्रतलावर पडली नाही, तर डोळा हलताच रेषा लक्ष्यावरून सरकते. दूर पल्ल्याच्या दुर्बिणीला यासाठी बाजूस वेगळी खुंटी असते. तिच्यावर छापलेल्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नये. डोके किंचित हलवून रेषा स्थिर राहते ना, हे पाहावे.

दुर्बीण अचूक असली तरी हवा बदलते. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के भरते. विरळ हवेचा अवरोध कमी, म्हणून मैदानी प्रदेशात तयार केलेला तक्ता तेथे वापरल्यास गोळी वर जाते. तापमानातील चढउतारांनी आतील हवेतली वाफ भिंगावर साचू नये म्हणून नळीत कोरडा नायट्रोजन भरून ती बंद केलेली असते.

या सगळ्याच्या मुळाशी काच आहे. प्रलेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग असले तर एकतृतीयांश उजेड वाटेतच नाहीसा होतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारा प्रलेप शोधला व जर्मनीने तो लष्करी गुपित म्हणून जपला. त्याआधी, १९१४ साली महायुद्ध पेटले तेव्हा ब्रिटनची प्रकाशीय काच मोठ्या प्रमाणात जर्मनीतून येत होती. शत्रूवर रोखायच्या दुर्बिणींची काच शत्रूच्याच भट्टीतली! ब्रिटनला देशांतर्गत उत्पादन घाईघाईने वाढवावे लागले. आयातीवरील अवलंबित्वाचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

स्वतंत्र भारताने हा धडा घेतला होता. १९५० मध्ये कोलकात्यात केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था स्थापन झाली आणि डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखाली तेथे स्वदेशी तंत्राने प्रकाशीय काच विकसित करण्यात आली. आज संरक्षण संशोधन व विकास संघटनेची उपकरण प्रयोगशाळा डेहराडूनला आहे. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून डेहराडूनच्या दोन निर्माणी ‘इंडिया ऑप्टेल’ या कंपनीत आल्या. रात्रीच्या दुर्बिणींसाठी लागणाऱ्या प्रतिमावर्धक नळ्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची उपकंपनी पुण्यात तयार करते.

खरेदीच्या निविदेत रायफलीची मापे पानोपानी आणि दुर्बिणीची एका ओळीत, अशी मांडणी असेल तर ती तांत्रिकदृष्ट्या उलटी समजावी. विशालनाच्या आकड्याबरोबरच मोजपट्टीची चाचणी, गोठणबिंदूखालील व कडक उन्हातील तपासणी, सुट्या भागांची हमी आणि काच नेमकी कोणत्या भट्टीतून आली याची नोंद निविदेत मागितली गेली पाहिजे. जुळवणी देशात झाली तरी भिंगाचा कच्चा ठोकळा बाहेरचा असू शकतो. तो कुठला, हे विचारणारा रकाना निविदेत आहे किंवा नाही, एवढे पाहिले तरी खरेदीदाराने १९१४ चा अनुभव कितपत वाचला आहे ते कळते.