गिरणी कमिट्या आणि कायद्याचा फास

(वर्धा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लाल बावट्याच्या कामगार चळवळीचा उदय आणि तिचे दमन हा विषय वर्ध्यात कशासाठी, असे सकाळी एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. हिंगणघाट आणि पुलगाव ही आपल्या जिल्ह्यातील गिरणीची गावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच तेथे भोंगे वाजू लागले होते. परंतु देशातील कामगार संघटनेचे भवितव्य ठरले ते मुंबईच्या गिरणगावात, आणि तिच्यात पहिली मोठी फूट पडली ती येथून रेल्वेने दीड तासावर असलेल्या नागपुरात.

अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस 1920 साली मुंबईत स्थापन झाली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष. आरंभीची काही वर्षे ती वार्षिक अधिवेशने भरवणाऱ्या पुढाऱ्यांची संस्था होती, असे म्हटले तर फारसा अन्याय होणार नाही. तिला जनतेचा पाया लाभला तो 1928 च्या मुंबईतील सार्वत्रिक संपाने. परदेशी मालाची, विशेषतः जपानी कापडाची, स्पर्धा आणि रुपयाचा चढा ठेवलेला विनिमयदर यांचा बोजा मालकांनी कामगारांच्या माथी टाकायचे ठरवले. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, याला ‘कार्यक्षमता’ असे भारदस्त नाव देण्यात आले. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. या एका शब्दाने जेवढी माणसे कामावरून घालवली तेवढी मंदीनेही घालवली नसतील, असे कधी कधी वाटते.

सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. संयुक्त संप समितीत नेमस्त ना. म. जोशी आणि कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे एकत्र काम करीत होते, ही गोष्ट दोन्ही बाजूंचे लोक पुढे सोयीस्करपणे विसरले. मे 1928 मध्ये गिरणी कामगार युनियनची नोंदणी झाली तेव्हा तिचे सभासद 324 होते. वर्षअखेर ते 54,000 झाले.

हा चमत्कार भाषणांनी घडला नाही. युनियनने गिरणीगणिक कमिट्या उभारल्या. खात्याखात्यातून निवडलेले कामगार वर्गणी गोळा करीत, बडतर्फीची तक्रार घेऊन व्यवस्थापकापुढे उभे राहत. तोवर कामगाराची भरती, बढती आणि हकालपट्टी जॉबरच्या हातात असे. कामावर राहायचे तर त्याची मर्जी राखावी लागे. कमिटीने ही मिरासदारी मोडायला घेतली. युनियनचे अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते. सरकार आणि मालक बिथरले ते मॉस्कोच्या पत्रव्यवहारामुळे असे सांगितले जाते. मला वाटते, त्यांना खरी धास्ती होती ती गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या या कमिट्यांची.

20 मार्च 1929 रोजी देशभर धरपकड झाली. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे यांच्याबरोबर आळवे आणि गोविंद कासले हे कामगारही पकडले गेले. खटला मीरतला नेला, कारण मुंबईत ज्यूरी बसवावी लागली असती. तो जवळजवळ चार वर्षे चालला. पूर्वी ट्रेड युनियन काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेले डी. आर. ठेंगडी निकाल ऐकायला राहिले नाहीत. जानेवारी 1933 मधील कठोर शिक्षा त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने बऱ्याच कमी केल्या, पण तोवर काम साधले होते. अनुभवी पुढारी तुरुंगात असताना झालेला 1929 चा दुसरा सार्वत्रिक संप फसला, चौकशी मंडळाने दोष युनियनवर ठेवला, आणि कमिट्या विस्कटल्या.

परंतु सारे खापर सरकारवर फोडणे सोपे आहे. साचेखात्यात चांगला पगार होता आणि तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण विणकराला विटाळ! हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच उभा केला होता. वर्गाच्या एकजुटीच्या घोषणा देणाऱ्यांनी त्याला आपल्या कार्यक्रमात अग्रस्थान दिले नाही. 1929 च्या संपाला बाबासाहेबांनी विरोध केला, यात नवल ते काय? पुढे 7 नोव्हेंबर 1938 रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. ते दहा वर्षे आधी घडायला हवे होते.

दुसरा दोष नागपूरचा. 1929 च्या अखेरीस पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या अधिवेशनात, मजूरविषयक शाही आयोगावर बहिष्कार घालण्यावरून आणि आंतरराष्ट्रीय संलग्नतेवरून जोशी, गिरी आदी मंडळी बाहेर पडली. आपले साथी मीरतच्या तुरुंगात असताना ठरावांच्या शब्दांवरून संघटना दुभंगली. दोन वर्षांनी कम्युनिस्टांनीही वेगळी चूल मांडली. 1934 मध्ये त्यांचा पक्ष बेकायदा ठरवला गेला तेव्हा सांगण्यासारखे बळ कोणाकडेच उरले नव्हते.

आता आपल्याविषयी. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच ‘प्रातिनिधिक’ युनियन मान्य केली आणि ती कोणती हे गुप्त मतदानाने ठरवण्याची तरतूद ठेवली नाही. हा फास लाल बावट्यासाठी आहे असे अनेकांना वाटले. 1950 मध्ये बोनससाठी अशोक मेहता यांच्या नेतृत्वाखाली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने संप केला. सुमारे दोन लाख कामगार दोन महिने बाहेर होते, तरी कायद्याच्या लेखी त्यांची युनियन कोणीच नव्हती. संप बिनशर्त मागे घ्यावा लागला. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संपही याच भिंतीवर आदळला.

1929 च्या औद्योगिक कलह कायद्याने संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस सक्तीची केली, ती फक्त लोकोपयोगी सेवांपुरती. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना लावली. परकीय सरकारने जे पाणी, वीज, रेल्वे यांच्यापुरते मागितले, ते स्वकीयांनी सरसकट घेतले. त्याच संहितेप्रमाणे अनेक युनियन असतील तेथे एकट्याने वाटाघाटी करण्याचा अधिकार मस्टरवरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या युनियनला आहे. मस्टरवरील! आपल्या जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंगमध्ये हंगामाला येणाऱ्या मजुराचे नाव मस्टरवर असते की ठेकेदाराच्या वहीत, हे तेथे काम करणाऱ्या साथींनी दुपारच्या बैठकीत सांगावे. माझ्याकडे त्याचे पुस्तकी उत्तर नाही.